एकटीचा फोटो

होतचंद पेंटरने फोटोकडे बघायचं सोडून अंजनीच्या तोंडाकडेच बघायला सुरुवात केली, आणि तिथून सगळं बिनसलं. नाहीतर काम ते केवढंसं! सोमवारी अंबरनाथहून उल्हासनगरला यायचं, कॅम्प तीनमध्ये, फ्रेमच्या मागे ज्याचा शिक्का होता त्या दुकानात जुनी फ्रेम टाकायची, नवी सांगायची, परत घरी. सुजितने, तिच्या सावत्र मुलाने, बदलापूरला फ्लॅट घेतला होता. शुक्रवारी वास्तुशांत. आईचा फोटो त्याला तिकडे न्यायचा होता, म्हणून म्हणाला होता, "मावशी, आईची फ्रेम जरा नीट करून आणशील? मागचा पुठ्ठा पार फुगलाय." घरात सगळे त्याला फोटोच म्हणायचे, होतं ते हाताने रंगवलेलं चित्र, दोन फूट बाय दीड, ऑइल पेंट. सुजितची आई सगुणा, दौलतरावांची पहिली बायको, पोरगं अडीच वर्षांचं असताना काविळीने गेली. वर्ष फिरलं आणि तिच्या जागी अंजनी आली. सवत मातीचीसुद्धा नको म्हणतात. ही तर एकतीस वर्षं हॉलमध्ये टीव्हीच्या वर, गळ्यात हार घालून. चादरीत गुंडाळलेली सवत मांडीवर आडवी घेऊन अंजनी शेअर रिक्षात बसली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "आंटी, थोडा अंदर लो ना," आणि अंजनीने तिला जरा जास्तच दाबून आत घेतली. खरं सांगायचं तर अंजनी मनातून खूश होती. पीडा जात होती. मुलगा आपल्या आईला घेऊन चालला होता आणि भिंत मोकळी होणार होती. एवढं सुख तरी माणसाच्या पदरात पडावं की नाही?

दुकानाच्या पाटीवर आता फ्लेक्स, मग, टी-शर्ट असलं सगळं छापून मिळेल असं लिहिलं होतं. म्हाताऱ्याची नात मशीनवर बसली होती आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर मशीनमधून इंचाइंचाने बाहेर येत होता. म्हातारा मागे, शेजारच्या जीन्सवाल्याने ठेवलेल्या गठ्ठ्यांना टेकून बसला होता. ऐंशीच्या पुढचा असेल. अंजनीने चादर सोडली. त्याने चित्राकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग तिच्याकडेच. "अरे, ये तो आप हो," तो म्हणाला. "नाही हो," अंजनी म्हणाली, "या आमच्या ह्यांची पहिली. वारल्या त्या." "हां हां, नाम उनका. चेहरा आपका." म्हाताऱ्याला फार आनंद झाला होता. आपल्या हातचं जुनं काम परत दारात आलं की कारागीर असाच हरखतो. "ये देखो, लेफ्ट साइड भौं. आपको कट है ना? मैंने भर दिया था." अंजनीचा हात आपोआप डाव्या भुवईवर गेला. लहानपणी पाट्यावर पडून तिथे फाटलं होतं, तिथे अजून केस उगवत नाहीत. "काहीतरीच काय," ती म्हणाली, पण म्हाताऱ्याने तोवर फ्रेम उलटी करून पक्कडीने खिळे उपटायला घेतले होते. त्याची पद्धत होती म्हणे. ज्या फोटोवरून चित्र काढलं तो फोटो तो चित्राच्याच पाठीमागे, पुठ्ठ्याच्या आत ठेवून द्यायचा. "गिराईक का माल गिराईक के घर. बाद में कोई बोले नहीं, होतचंद ने गुमा दिया." फुगलेला पुठ्ठा निघाला, पिवळा कागद निघाला, आणि कागदाच्या घडीतून दोन फोटो बाहेर आले. एक लग्नातला. मांडवात मुंडावळ्या बांधलेली नवरी, मान इतकी खाली घातलेली की भांग, नथीचे मोती आणि हनुवटीचा तुकडा एवढंच दिसत होतं. आणि दुसरा अंजनीचा. चोवीस वर्षांची अंजनी, एकटी, स्टुडिओच्या उंच स्टुलावर, आणि तिच्या तोंडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारून बारीक चौकोन पाडलेले. "छोटे का बड़ा बनाना है तो चौकोन डालना पड़ता है," म्हातारा समजावून सांगत होता. "साहब बोले, बीवी का एक ही फोटो है और उसमें मुंडी नीचे. मैं बोला, चेहरा कहां से लाऊं? फिर वो आपका फोटो लेके आए." त्याने चित्र पुन्हा सुलटं केलं. "आंखें देखो, बेटा. ऐसी आंखें मेरे से दोबारा नहीं बनीं." अंजनीने एवढंच विचारलं, "कधी मिळेल?" गुरुवारी, तो म्हणाला. दोन्ही फोटो तिने पर्समध्ये टाकले आणि ती गल्लीत आली.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता, आणि आठवणारच. लग्न होऊन आठ दिवस झाले होते. ती शहाडच्या भावाच्या घरातली, भुवई फाटलेली, वय उलटत चाललेली मुलगी. बिजवर मिळाला तो त्यातल्या त्यात बरा म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला. नवरा आठ दिवस धड बोललाही नव्हता. आणि त्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "चल, कॅम्पात जाऊन येऊ." कॅम्पात जाणं म्हणजे केवढी चैन! त्याने तिला हिरव्या बांगड्या भरल्या, उसाचा रस पाजला, आणि मग स्टुडिओत नेलं. तिला वाटलं जोडीचा फोटो काढणार. तिने पदर सारखा केला, त्याच्यासाठी जागा ठेवून स्टुलावर थोडी कडेला बसली. तर तो म्हणाला, "आधी तुझा एकटीचा." सुजित बरोबर होता. साडेतीन वर्षांचं ते पोर आठ दिवस बापाच्या पायांना चिकटून होतं, तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. फोटोग्राफर दिवे हलवत होता तेवढ्यात पोराने बापाच्या चपला स्वतःच्या हातांत घातल्या आणि चार पायांवर फटक फटक करत तिच्या समोर आलं. मान वर करून त्याने तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदा. तिला इतकं हसू आलं, आणि फोटोग्राफर ओरडला, "हसना नहीं!" म्हणून तिने ओठ घट्ट दाबले, आणि त्याच क्षणी उजेड पडला. मग ती स्टुलावरून उतरली आणि पोराला पहिलं वाक्य बोलली, "चपला पायांत घालतात रे राजा, हातांत नाही." पोर खुदकन हसलं. जोडीचा फोटो काढलाच नाही, रोल संपला म्हणे. पुढे तिने दोन-तीनदा विचारलं, माझा तो फोटो कुठाय? दौलतराव म्हणाले, निगेटिव्ह खराब झाली. तिने सोडून दिलं. महिन्याभराने घरात सगुणेचं चित्र आलं, सासूने त्याला ओवाळलं आणि म्हणाली, "पाया पड गो. तुजी थोरली हाय ती."

आता तुम्ही म्हणाल, बाईला स्वतःचं तोंड ओळखू आलं नाही? एकतीस वर्षं? तर नाही आलं. सवतीच्या डोळ्यांत डोळे घालून बघतं कोण? अंजनी हार बदलायची ती चित्राच्या गळ्याकडे बघून, कुंकू लावायची ते काचेवर बोट नेमकं कुठे टेकतंय तेवढं बघून. आणि होतचंदने काय कमी केलं होतं का? रंग उजळ केला, गाल भरले, डोक्यावरून पदर दिला, मांडवातल्या फोटोतली नथ आणि ठुशी चढवली, दहा वर्षांनी मोठी करून ठेवली. वर लोकांनी अगदी हुबेहूब म्हटलं. चुलतसासू तर एकदा म्हणाली, "अंजनी हल्ली हळूहळू सगुणेसारखी दिसाय लागली," आणि सासूने अभिमानाने सांगितलं, "टाकाचा गुण हाय तो." टाक म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर ठोकलेली सवतीची मूर्ती. दुसरेपणाच्या बायकोने तो मंगळसूत्राशेजारी घालायचा, म्हणजे पहिली शांत राहते. लग्नाच्या दिवशी तो अंजनीच्या गळ्यात पडला तो अजून होता. परतीच्या रिक्षात बसल्या बसल्या तिने तो मुठीत धरला. नखाएवढी मूर्ती, तिलाही नाक-डोळे नव्हतेच. टाकावर तोंड नाही, फोटोत तोंड नाही. त्या बाईला बिचारीला कुठेच तोंड नव्हतं, आणि हिचं तोंड हिला एकटीला कधी मिळालं नव्हतं.

घरी आली तर टीव्हीच्या वर भिंतीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता. ती सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली आणि त्या चौकोनाकडे बघत राहिली. या चौकोनाने तिला केवढं बांधून ठेवलं होतं! सुजितला ताप आला, ती उशाशी बसली की सासू म्हणायची, "नीट बघ गो, ती बघतंय." पोराने दूध सांडलं, हिच्या तोंडातून "अरे!" निघालं की लगेच, "ती बघतंय हां." आणि खरंच ती बघायची. स्वयंपाकघराच्या दारातून, मोरीतून येताना, कुठूनही बघा, चित्रातले डोळे थेट पोराकडे आणि पोरावरून तिच्याकडे. ओठांत काहीतरी दाबून धरलेलं. अंजनीला वाटायचं, ही माझ्यावर हसते आहे. बघू तुझ्याच्याने काय होतंय ते, असं म्हणते आहे. स्वतःचं मूल तिला झालं नाही, तेव्हाही तिला वाटलं, हिनेच होऊ दिलं नसेल. सुजित चौदा वर्षांचा असताना शाळा बुडवून बारवी धरणावर पोहायला गेला, त्याच्या दोस्ताला, जयदेवला, गावकऱ्यांनी केसाला धरून बाहेर काढला. संध्याकाळी सुजित ओल्या कपड्यांनी दारात उभा. भीतीने अंजनीचं पाणी पाणी झालं होतं आणि त्या भीतीनेच तिचा हात वर गेला. वर गेला आणि तिची नजर भिंतीवर गेली. हात खाली आला. "मार ना," सुजित म्हणाला. "जयदेवच्या आईने त्याला गल्लीभर पळवून मारलं. तू का मारत नाहीस?" तिने आत जाऊन टॉवेल आणून दिला. त्याने तो घेतला आणि त्यानंतर तो तिच्याशी पाहुण्यासारखा वागायला लागला, चांगला, नम्र, थँक्यू मावशी म्हणणारा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात तो सगळ्यांना सांगत होता, "मावशी मला आयुष्यात कधी एका शब्दाने बोलली नाही," आणि बायका तिचं कौतुक करत होत्या, आणि तिला वाटत होतं कुणीतरी आपल्याला जमिनीत गाडून टाकावं. ते सगळं कुणाला घाबरून? तर स्वतःलाच घाबरून. दर वर्षी पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तिने या चित्रासमोर पुरणाचं पान वाढलं, साडी ठेवली, ओटी भरली, नवऱ्याच्या आधी सवाष्ण गेलेल्या बाईचा मान म्हणून. एकतीस नवम्या. आपल्याच तोंडाला हार घालून आपलंच श्राद्ध घालत होतो आपण! तिला राग आला, असा राग की तिने पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती हे तिच्या लक्षात आलं नाही.

आणि एक आठवण त्यात मध्येच येऊन उभी राहिली. चित्र आलं त्या वर्षी सगुणेची आई, सुंदराबाई, बारवीकडच्या पाड्यावरून लेकीचा फोटो बघायला आली होती. म्हातारी चित्रासमोर किती तरी वेळ उभी होती. मग म्हणाली, "माजी बाय अशी नवती." सगळे म्हणाले, आजीला दिसत नाही नीट. म्हातारी वळली, तिने अंजनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठ्याने ती फाटकी भुवई चाचपली आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. अंजनीला वाटलं, रीतच आहे, दुसरी आली की पहिलीच्या आईने तिला लेक मानायची. आता कळत होतं, म्हातारीला सगळं कळलं होतं. आपल्या मेलेल्या लेकीसाठी या जिवंत पोरीचं काय घेतलंय ते तिने एका नजरेत ओळखलं होतं आणि बोटं मोडून, तांदळाची पुरचुंडी ठेवून, गप निघून गेली होती.

दौलतराव फिरून आले. टीव्ही लावून बसले. "अहो," अंजनी म्हणाली, "माझा एकटीचा फोटो कुठाय?" "कुठला?" "कॅम्पातला. लग्नानंतर आठव्या दिवशी काढलेला." दौलतरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग ते म्हणाले, "होतचंद जिवंत आहे अजून?" झालं. विचारायचं काही राहिलंच नाही. "पोरगं दिवसरात्र आई आई करून रडायचं," ते टीव्हीकडेच बघत बोलायला लागले. "त्याला दाखवायला काय होतं माझ्याकडे? खाली घातलेली मान?" "म्हणून माझं तोंड दिलंत?" "अगं, घरातलंच होतं ना." हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. घरातली चादर, घरातला पाट, घरातलं तोंड. "आईनेच सुचवलं," ते म्हणाले. "सगुणेचा टाक हिच्या गळ्यात, हिचं तोंड सगुणेच्या गळ्यावर, फिट्टंफाट, असं म्हणाली ती." "मला विचारायचं होतंत." "तू नाही म्हणाली असतीस तर?" मग त्यांनी डोळे पुसले, म्हातारपणी पुसतात तसे, उगाच चष्म्याच्या निमित्ताने. "मलासुद्धा आता तिचा खरा चेहरा आठवत नाही, अंजनी. आठवायला गेलो की हाच येतो. तेवढं सुजितला सांगू नको. त्याच्याकडे दुसरं काही नाही." तिच्याकडे काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. तिने उठून कुकर लावला.

पण सांगायचं तिने ठरवलं होतं. मंगळवारभर भांडी घासताना, भाजी निवडताना ती वाक्य जुळवत होती. सुजित, हे बघ, हा फोटो बघ. तुझ्या आईचा खरा हा. आणि हा माझा. बस. एवढंच तर बोलायचं. कळलं तर काय होईल? कदाचित तो म्हणेल, म्हणजे लहानपणापासून मी तुझ्याच पाया पडत होतो? कदाचित हसेल. कदाचित, एखाद वेळेस, मावशी म्हणता म्हणता अडखळेल. ते अडखळणं तिला हवं होतं. चोपन्न-पंचावन्न वर्षांची बाई, पण त्या एका अडखळण्यासाठी तिचा जीव लहान मुलासारखा अडून बसला होता.

बुधवारी संध्याकाळी सुजित आणि तेजस्वी, त्याची बायको, सामानाची खोकी बांधायला आले. अंजनीने दोन्ही फोटो पदराआड हातात धरले होते. चहा झाला. तेजस्वी भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून म्हणाली, "आईंचा फोटो नसला की हॉल किती वेगळा वाटतो ना? तुला आठवतात का रे त्या? थोडं तरी?" सुजितने चिकटपट्टी दाताने तोडली. "एकच गोष्ट आठवते," तो म्हणाला. "कुणाला सांगितली नाही कधी. आई उंचावर कुठेतरी बसली आहे. खूप उजेड आहे. आणि मी चपला हातांत घालून चार पायांवर चालतोय. ती माझ्याकडे बघते आणि हसू दाबून धरते. फोटोतल्यासारखीच. म्हणून तर तो फोटो बघितला की मला वाटतं, नाही, मला आठवते ती. खोटं नाही ते." त्याने खोक्यावर दुसरी पट्टी ओढली. "मग ती काहीतरी बोलली. काय बोलली ते काही केल्या आठवत नाही. कधीकधी ट्रेनमध्ये उभा असताना एकदम वाटतं, आता आठवेल, आता आठवेल. नाही आठवत." दौलतराव खुर्चीत एकदम ताठ झाले होते. अंजनीच्या हातातले फोटो घामाने चिकटले होते. तिला ते वाक्य येत होतं. सगळ्या जगात तिला एकटीला येत होतं. त्या पोराला आईची म्हणून जी एकच आठवण होती ती हिची होती, हिच्या डोळ्यांची, हिच्या दाबलेल्या हसण्याची. आणि ती आपली म्हणून मागायची तर त्याची आई त्याच्या हातातून ओढून घ्यायची, चाळीशीकडे चाललेल्या माणसाला पुन्हा अडीच वर्षांचा पोरका करायचा, आणि बदल्यात द्यायचं काय, तर एक भांग आणि नथीचे मोती. "मावशी, तुला बरं वाटत नाही का?" सुजितने विचारलं. "घाम बघ किती आलाय." "गरम होतंय," ती म्हणाली. "पंखा वाढव जरा."

गुरुवारी ती होतचंदकडे गेली. नवी फ्रेम चकचकीत झाली होती, काच नवी, चित्र पुसलेलं. पहिल्यांदा ती त्या डोळ्यांकडे नीट बघत उभी राहिली. काय गंमत आहे बघा. सोमवारपर्यंत त्या डोळ्यांत सवत होती, तिच्यावर पाळत ठेवणारी. सोमवारी सवत गेली आणि तिथे हार घातलेली मेलेली अंजनी दिसायला लागली. आणि आज म्हाताऱ्याच्या त्या दुकानात तिला दिसलं, की हे डोळे तिच्याकडे कधी बघतच नव्हते. ते खाली बघत होते, थोडे डावीकडे, जमिनीपासून दोन वितींवर, जिथे एक पोर चपला हातांत घालून उभं होतं. कॅनव्हासवर काही खोटं नव्हतं. आईच होती ती. "घर पे बताया?" होतचंदने विचारलं. "नाही." तिने पर्समधून दोन्ही फोटो काढले. सगुणेची खाली घातलेली मान एकदा बोटाने पुसली. पोरी, तुला तरी कुठे कुणी विचारलं होतं, असं तिच्या मनात आलं. मग दोन्ही पुन्हा पाठीमागे ठेवायला दिले. म्हाताऱ्याने कागद घडी केला, नवा पुठ्ठा बसवला आणि एकेक खिळा ठोकला. तिने सगळे खिळे मोजले. अकरा होते.

त्यांच्याकडे एक रीत आहे. गेलेल्या माणसाला नव्या घरी न्यायचं तर नुसतं उचलून नेत नाहीत. मुलाने उंबऱ्याबाहेर अनवाणी उभं राहायचं, चपला हातात घेऊन, म्हणजे ओ आली की लगेच निघायचं. आणि तीनदा हाक मारायची. घरातल्या थोरल्या बाईने गेलेल्या माणसाच्या वतीने ओ द्यायची. ओ आल्याशिवाय तो जीव उंबरा ओलांडत नाही. अंजनीच्या लग्नाआधी सगळे चाळीतून या घरात आले तेव्हा आजेसासऱ्यांची ओ सासूने दिली होती, पुरुषी आवाजात, वर त्यांच्यासारखं खोकून, आणि सगळी चाळ हसली होती. सासू गेली, आता थोरली अंजनी. शुक्रवारी सकाळी टेम्पो खाली उभा होता. तिने फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरली, चेहरा बाहेरच्या बाजूला, रीतीप्रमाणे. हार नवा, शेवंतीचा. फ्रेम जड होती, काच गार होती, आणि तिची हनुवटी बरोबर त्या चेहऱ्याच्या वर येत होती. तेजस्वी जिन्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. दौलतराव मागे भिंतीला टेकून. ते अंजनीच्या पाठीकडे बघत होते, आणि त्यांना भीती वाटत होती हे तिला पाठीला डोळे असल्यासारखं कळत होतं.

सुजित उंबऱ्याबाहेर उभा होता. दोन्ही हातांत एकेक चप्पल. उभं राहून राहून कंटाळून त्याने बोटं चपलांच्या अंगठ्यांत घातली होती, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

"आई, चल," तो म्हणाला. लाजत म्हणाला; आयटीतला माणूस, दारात उभं राहून आईच्या फोटोला हाक मारायची म्हणजे लाजणारच. रीतीने तिसऱ्या हाकेलाच बोलायचं असतं. "आई, चल ना," तो दुसऱ्यांदा म्हणाला, आणि या वेळी आवाज जरा आत गेला. तो काचेतून थेट डोळ्यांत बघत होता. त्याच्या तोंडातून हा शब्द तिने आयुष्यभर ऐकला होता, नेहमी तिच्या डोक्यावरून भिंतीकडे जाताना. आज तो पहिल्यांदा तिच्या छातीवर येऊन आदळत होता. "आई," तो तिसऱ्यांदा म्हणाला, "चल आपल्या घरी."

"आले रे, आले," असं म्हणायचं होतं. तेवढंच. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "चपला पायांत घालतात रे राजा, हातांत नाही."

सुजितने आपल्या हातांकडे बघितलं. मग वर बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उघडा पडला की अंजनीला मधली एकतीस वर्षं कुठे गेली ते कळेना. एक क्षण, फक्त एक क्षण, तो तिच्याकडे बघत होता. फोटोकडे नाही, तिच्याकडे.

"हेच," तो तेजस्वीला म्हणाला. "हेच बोलली होती आई. तेजू, आई बोलली. मावशीच्या तोंडून आई बोलली." आणि तो पुढे आला, उंबऱ्याशी वाकला, हातांत चपला तशाच, आणि त्याने आपलं कपाळ काचेला टेकवलं. तो रडत होता. त्याच्या डोक्याचा भार फ्रेमवरून अंजनीच्या छातीवर आला. केस विरळ झाले होते त्याचे, टाळूवरून पांढरे दिसत होते. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण दोन्ही हातांनी फ्रेम धरलेली होती.